मेणाखालचा शिक्का

आमच्या विमान मंडळात चार सभासद होते आणि चौघांपैकी एकाचाही दुसऱ्यावर विश्वास नव्हता.

ही तक्रार नाही. मंडळाची खरी मजा त्या अविश्वासातच होती. हातभर लांबीची, रबराला पीळ देऊन सोडायची विमानं आम्ही तयार करायचो. परभणीच्या बाजारातून पतंगाचा कागद घेऊन निघालो आणि समोरून सभासद आला, तर पिशवी पाठीमागे धरून गल्ली बदलायचो. पंख किती रुंद ठेवला आणि रबराला किती पीळ दिले हे आम्ही बायकोला सांगत असू, सभासदाला नाही.

संशयाला कारणही घडलं होतं. आदल्या वर्षीच्या स्पर्धेत पहिलं आलेलं विमान परदेशी कारखान्यातून तयार आणलेलं निघालं. नाकावर कारखान्याचा शिक्का होता आणि तो झाकायला वर मेण थापलं होतं. बक्षीस हातात पडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच परभणीच्या उन्हानं आपलं काम केलं. मेण ओघळलं, शिक्का सगळ्यांसमोर उघडा पडला. तेव्हापासून मी विमानाच्या आधी माणूस तपासायला लागलो. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. पोरानं आणलेलं चित्र पोराचं की त्याच्या ताईचं, हे ओळखायचा पगार मला मिळत होता.

मंडळाचे अध्यक्ष घड्याळजी होते. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि माणसाशी बोलतानाही ते काढत नसत. एका बैठकीत ते म्हणाले, "यंदा स्पर्धेबरोबर ज्येष्ठ हौशी मंडळींचा सत्कार करू. शाल, श्रीफळ."

"कोणाचा?" मी विचारलं.

"ते तुम्ही चिटणीस आहात, तुम्ही ठरवा. मी कसं सांगणार?" असं म्हणून त्यांनी भिंगाचा डोळा माझ्यावर रोखला. अध्यक्षांना तेव्हा एकसष्टावं लागलं होतं. एवढं कळायला भिंग लागत नव्हतं.

पण एकट्या अध्यक्षांना त्यांच्याच मंडळानं शाल घातली असती तर गावानं वर्षभर हसून घेतलं असतं. जोडीला आणखी एक ज्येष्ठ हवा होता. पिंगळीला एक म्हातारा शिंपी आहे, तो निजामाच्या काळापासून विमानं करतो, असं कुणीतरी सांगितलं. मी पॅसेंजर गाडीनं पिंगळीला गेलो.

स्टेशनाजवळच्या हॉटेलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "टेलरमामा? लय भारी इमान बनवतेत." तुम्ही उडताना पाहिलंय का, असं विचारल्यावर तो कपबशी पुसायला लागला. "म्या न्हाई बघितलं. पर बनवतेत." आणखी दोघांना विचारलं. त्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

म्हातारा मशीनवर पायजमा शिवत होता.

"मामा, तुम्ही विमानं करता म्हणे."

"कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे मला यडा बी म्हनतेत." त्याचे पाय पायट्यावर चालूच होते.

"एखादं बघायला मिळेल?"

"तुमी सोता करता का इमानं?"

"करतो की!" मी छाती काढून सांगितलं.

"मंग न्हाई मिळनार."

हा माणूस लबाड आहे, असं मला वाटलं. हा आमच्या मंडळात शोभून दिसेल, असंही वाटलं.

सत्काराचं ऐकून मात्र त्यानं मशीन थांबवलं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी डोक्यावरून विमानं गेली, तेव्हा तो काजं करायला शिकत होता. तेव्हापासूनचा हा नाद. "कवा उडवता?" असं मी त्याच्याच सुरात विचारलं, तर म्हणाला, "तांबडं फुटायच्या आदी. लोकाची नजर नको." मग त्यानं अट घातली.

"आदी उडवीन, मंग शाल. उडालं न्हाई तर माजी बी शाल तुमच्या अध्यक्षाला घाला. माजा ल्योक येनार हाय मानवतहून. आडतीवर मुनीम हाय. बाप म्हातारपनी पोरखेळ करायलाय म्हनून पावन्यात मान खाली घालतंय. त्याच्यासमोर एकडाव उडवायचंय. एकच डाव. माजं रबर दुसऱ्यांदा तेवढा जोर धरत न्हाई."

परतीच्या गाडीत मी विचार करत बसलो. विमान कोणी उडताना पाहिलेलं नाही, स्पर्धेआधी कोणाला दाखवणार नाही, आणि मुलापुढे इभ्रत राखायची आहे. परदेशी माल विकत आणायला माणसाला आणखी किती कारणं लागतात?

परवानगीसाठी पोलीस ठाण्यात जावं लागलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं ते दिवस तापलेले होते. चार माणसं एका जागी जमली की त्यांची नावं लिहून घेत. जमादारानं माझा अर्ज दोनदा वाचला.

"विमान उडवनार. बरं. वरून काय टाकनार?"

"काही नाही, साहेब."

"पत्रकं?"

"विमान पाच तोळ्यांचं असतं, साहेब."

"मग एकच पत्रक?"

शेवटी परवानगी मिळाली, पण स्पर्धेच्या दिवशी जमादार स्वतः येऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसला आणि प्रत्येक विमानाच्या पोटाखाली वाकून पाहू लागला. मला तो माणूस फार आवडला.

स्पर्धा पिंगळीच्या शिवारात, एका पडीक रानात होती. थंडीचे दिवस, वारा पडलेला, पलीकडे माणूस बुडेल एवढी ज्वारी उभी. मांडवामागे कनात लावून स्पर्धकांची विमानं ठेवायला जागा केली होती. म्हातारा आला तो जुन्या धोतरात गुंडाळलेलं विमान तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून. मागून त्याचा मुलगा आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा, कानाला पेन. तो गर्दीत न मिसळता बाभळीखाली हाताची घडी घालून उभा राहिला.

आधी पूजा. आपल्याकडे नवी सायकल घेतली तरी चाकाखाली लिंबू ठेवतात, मग विमानांना कसं सोडणार? सगळी विमानं पाटावर मांडली. अध्यक्षांच्या पत्नीनं प्रत्येकाच्या नाकाला ओलं हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि दोऱ्यानं एकेक झेंडूचं फूल बांधलं. म्हाताऱ्यानं आपलं विमान पाटावर ठेवायला साफ नकार दिला.

"माज्या इमानाला पानी लावायचं न्हाई अन् फूल बी न्हाई."

मांडवात कुजबूज सुरू झाली. पूजेला नाही म्हणतो म्हणजे काय? त्यानं विमान कनातीत खाटेवर ठेवलं आणि आरतीला मात्र पुढे येऊन उभा राहिला. अध्यक्ष माझ्या कानाशी आले.

"मी धोतर सरकवून पाहिलं. नाकावर मेण आहे."

"मेण?"

"चांगलं हरभऱ्याएवढं. तुम्ही चिटणीस आहात. बघा बुवा."

आरतीच्या टाळ्या चालू असताना मी कनातीत शिरलो. धोतर उघडलं आणि पाहातच राहिलो. पंखावरच्या कागदाला एक सुरकुती नव्हती, नाकापुढे फिरणारा पंखा गुळगुळीत तासलेला. पिंगळीच्या शिंप्याचं काम? शक्यच नव्हतं. आणि नाकावर पिवळट मेणाचा गोळा. मी अंगठ्याच्या नखानं खरवडलं. खाली नुसतं लाकूड लागलं. शिक्का बारीक असेल म्हणून सगळंच मेण काढलं. तरी लाकूडच. तेवढ्यात आरती संपली. मेण खिशात घालून मी धोतर पुन्हा गुंडाळलं आणि भक्तिभावानं प्रसाद घ्यायला गेलो.

स्पर्धा सुरू झाली. पहिला मान अध्यक्षांचा. त्यांनी विमान सोडलं, ते चार हात सरळ गेलं आणि हळदीकुंकवाचं नाक खाली करून धाडदिशी जमिनीत घुसलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही. जमादार प्रत्येक वेळी उठून भोकात काही पुरलंय का ते पाहून येत होता. मी पोट धरून हसत होतो. माझंही विमान तसंच पडलं, तेव्हा हसू थांबलं आणि डोकं चालायला लागलं. नाकावर झेंडूचं फूल जास्तीचं आलं तर विमान खाली जातं. मग नाकावरचं मेण काढून घेतलं तर?

तर शेपूट जड होणार. विमान वर तोंड करून जागच्या जागी उलटणार. ते मेण शिक्का झाकायला नव्हतंच. तोल साधायला होतं.

माझा हात खिशातल्या मेणावर गेला. पण तोवर म्हातारा रानाच्या मधोमध पोचला होता.

त्यानं विमान दोन बोटांवर तोललं. शेपूट खाली गेलं. त्यानं पुन्हा तोललं. पुन्हा तेच. मग तो वळला आणि आमच्या खुर्च्यांकडे पाहू लागला. अध्यक्ष आभाळात काहीतरी शोधत होते. बाभळीखालच्या मुलानं हाताची घडी सोडली आणि जायला निघाल्यासारखा एक पाय उचलला. तो पाय मला अजून दिसतो.

"कुनी हात लावला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी उभा राहिलो. आयुष्यात गप्प बसायची एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नाही. "मी, मामा."

"काय हुडकत हुता?"

"शिक्का. परदेशी असेल असं वाटलं."

"घावला?"

"नाही."

"मेन कुठं हाय?"

"खिशात."

रान हसलं. जमादारानं तेवढ्यात वही उघडली. म्हातारा हसला नाही. "इकडं या. काडलं तुमी, आता लावा बी तुमीच."

सगळ्यांसमोर मी मेण मळून नाकावर लावलं. तो विमान बोटांवर तोलून सांगत होता, "आजून थोडं. लय झालं, काडा. आता दाबा. बास." विमान त्याच्या बोटांवर तराजूच्या दांडीसारखं आडवं झालं. मग त्यानं पंखा धरून पीळ दिला. मी पीळ मोजायला लागलो, तर त्यानं माझ्याकडे पाठ केली.

त्यानं विमान फेकलं नाही. नुसता हात सैल सोडला. ते वर चढलं, वळलं, आणखी चढलं, मांडवावरून एक फेरा घेऊन बाभळीच्या शेंड्यापलीकडे गेलं. अध्यक्ष हातात घड्याळ धरून त्यात पाहायचं विसरले. जमादारानं डोक्यावरची टोपी काढली, बहुधा वर पाहताना पडू नये म्हणून. आणि बाभळीखालून आवाज आला, "आबा! आवो, चाललंय की आजून!" मुनीम विमानाच्या मागं ढेकळांतून पळत सुटला होता, कानाचं पेन कुठंतरी पडलं होतं. विमान ज्वारीवर गेलं आणि हळूच कणसांत उतरलं.

"आता जा," म्हातारा मला म्हणाला. "आना हुडकून. तपासायची हौस हाय ना?"

म्हणून मी घडवून आणलेला सत्कार मी पाहिला नाही. डोक्यावरून जाणाऱ्या ज्वारीत, गालाला पाती लागत, मी ध्वनिक्षेपकावर शालींच्या टाळ्या ऐकल्या. म्हाताऱ्याला अध्यक्षांपेक्षा जास्त पडल्या. मुलगा आणि मी दोन बाजूंनी शोधत होतो. विमान मला सापडलं, दोन कणसांवर अलगद बसलेलं. भोवती कोणी नव्हतं. खोटं कशाला बोलू? मी ते उन्हासमोर धरून तपासलं. कागदातून आतलं सगळं दिसत होतं. ज्वारीच्या धांड्यातल्या पांढऱ्या भेंडाच्या बारीक काड्या, आणि त्या डिंकानं चिकटवलेल्या नव्हत्या, काज करताना घालतात तशा टाक्यांनी शिवलेल्या. एका पंखावर आतून निळ्या खडूनं लिहिलं होतं, 'डावी बाही'. दुसऱ्यावर, 'उजवी बाही'.

मुलगा धापा टाकत आला. "द्या सर, मी धरतो."

मांडवात म्हातारा शाल पांघरून बसला होता. मुलाच्या हातात विमान पाहताच ओरडला, "पंखाला नगं, पोटाला धर!" मुलानं दोन्ही तळवे पोटाखाली घेतले.

"आबा, फिरून उडंल का?"

"रबर नवं घालावं लागंल."

"मानवतहून आनतो. कोनचं आनू? किती?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मुलाला जवळ ओढून त्याच्या कानाशी तोंड नेलं. मी सहज म्हणून दोन पावलं पुढं सरकलो. म्हाताऱ्यानं शाल दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली आणि आवाज आणखी खाली नेला.