भिंतीपलीकडचं माहेर

सोलापुरात असं एकही कापड नसेल, ज्याला आमच्या शेजारच्या मामांनी नावं ठेवली नाहीत. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. खोड काढायची ती सवय काही कारखान्याच्या फाटकापाशी सुटायची नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी गादीवरच्या चादरीचा कोपरा उलटून अंगठ्याखाली चोळायचा, मग चहा. एका लग्नात अंगावर आहेराची शाल पडताच ती उजेडाला धरून त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "ह्यात दोन धागे तुटल्यात बघा." यजमानांचं तोंड एवढंसं झालं. त्यात बोलणं म्हणजे गल्लीभर! चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली, कुजबुज हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. "कुणाला सांगू नको हं," म्हणून त्यांनी मला जे जे सांगितलं, ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत माझ्या आधी पोचलेलं असायचं.

मी जेऊरकडची. आई लहानपणीच गेली, आणि लग्न होऊन या गल्लीत आले त्याच वर्षी वडीलही गेले. पहिल्या दिवाळीला गल्लीतल्या साऱ्या सुना माहेरी निघाल्या आणि मी आपली दारात रांगोळी रेखत बसले, डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालून. मामा समोर येऊन उभे राहिले. "पिशवी भर की. माहेरी जायचं न्हाय का?" आणि मला चार पावलं चालवत शेजारच्या, म्हणजे त्यांच्याच घरी घेऊन गेले. मामींनी तेल लावून न्हाऊ घातलं. त्यांचं घर तेलुगू विणकरांचं, त्या सगळं तेलुगूत बोलत होत्या, मला ओ की ठो कळत नव्हतं, पण चार दिवस मी हात म्हणून हलवला नाही. पाचव्या दिवशी मामांनी मला परत आणून सोडलं आणि "आमच्या पोरीला नीट सांभाळा" असं सासूबाईंना अशा काही आवाजात बजावलं की त्या महिनाभर घुश्श्यात होत्या. पुढची तीस वर्षं माझा हा चार पावलांचा प्रवास एकदाही चुकला नाही.

मग मामा हळूहळू उत्तरं देईनासे झाले. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या भागात मागावर जन्म काढलेला माणूस म्हातारपणी बहिरा व्हायचाच, त्यात काय विशेष? आम्ही मोठ्यानं बोलू लागलो. त्यांच्या मुलानं हैदराबादहून कानाचं मशीन आणलं. तरी मामा गप्पच, तेव्हा आम्ही आणखी मोठ्यानं बोललो. दोन वर्षं अख्खी गल्ली एका माणसावर ओरडत होती आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

एके दुपारी ते डबा घेऊन कामावर निघाले आणि कारखान्याच्या जागी झालेल्या मंगल कार्यालयात जाऊन बसले, तेव्हा कुठं आमचे डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, "मामा, आज वार कोणता?" मामांनी त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि तेलुगूत सुताला नावं ठेवली. डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. अल्झायमर म्हणाले. यात नवं आधी जातं, जुनं मागाहून. मराठी त्यांनी बाहेर उचललेली, ती जाईल, आईची भाषा जास्त दिवस टिकेल. "बघायला घरात कोण आहे?" त्यांनी विचारलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मामी म्हणाल्या, "मी हाय की." आमच्या गल्लीत आता बहुतेक घरांत हेच उत्तर मिळतं. पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि एक म्हातारं दुसऱ्याला जपतंय.

मी मात्र त्या दिवशी भलत्याच विचारानं घाबरले. नवं आधी जाणार, तर मी जाणारच की. मी मराठीतली, आणि मागाहून आलेली. दुसरं माहेर मला नाही हो. मग बावन्नाव्या वर्षी मामींच्या हाताखाली तेलुगू शिकायला बसले. रोज सकाळी जाऊन "बागुन्नारा मामा?" म्हणजे बरे आहात ना, म्हणून विचारायचं, आणि मामांनी आल्यागेल्या पाहुण्याला करावा तसा मला हात जोडून नमस्कार करायचा. माझ्या उच्चारांवर मामी पोट धरून हसायच्या. त्या निमित्तानं त्या हसायच्या तरी.

यंदाच्या दिवाळीत पिशवी भरून गेले. मामा खाटेवर बसले होते. सरकून त्यांनी मला जागा दिली आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिले, मोठ्या काळजीनं. मला अर्धं कळलं, अर्ध्याला मी मामींकडे पाहिलं. मामी चुलीपाशी पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"म्हणतेत, आमची लेक हितंच शेजारच्या घरात दिलीय. दिवाळी आली तरी आली न्हाय. तिला आई न्हाय, वाट बघत बसली असंल. तुमाला दिसली तर तेवढं पाठवून द्या, म्हणतेत."

"सांगते तिला," मी म्हटलं. "येईल ती."

चार दिवस राहिले. मामा दाराकडे डोळे लावून बसायचे, आणि मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्याबरोबर तिची वाट बघायचे.