त्रेचाळीस माणसांचा एक नंबर

पंचफुलाबाईंनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला, रक्ताच्या नळ्यांच्या रॅकला लागून.

"मॅडम, तुमीच सांगा. माह्या पोरीले सिकलसेल हाय का नाही?"

मी स्क्रीन पाहिली. लग्न जमवणाऱ्या कुठल्याशा ॲपमधला फोटो होता तो. त्यांच्या मोठ्या मुलीचं, शीतलचं नाव, वय, गाव. खाली पिवळी चौकट आणि चौकटीत लिहिलेलं: ‘सिकलसेल वाहक, संभाव्य’.

"हे कुठून आलं?"

"एकोडीच्या सोयऱ्यायनं पाठवलं. त्यायच्या जावयानं मोबाईलवर पोरीची माहिती तपासली म्हने. साक्षगंध झालं मॅडम, पत्रिका छापाले गेल्या, अन् आता म्हनते लग्न थांबवा."

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. अड्याळच्या आसपासची गावं आमच्याकडे. पंचफुलाबाईंचं गाव त्यातलंच, नाव सांगत नाही. त्या गावाची आधीच पुरेशी बदनामी झाली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिकलसेल हा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, माणूस दुखण्यानं लोळतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण. एकाकडूनच आला तर ते नुसतं वाहक. वाहक धडधाकट असतो, रोवणी करतो, पोरं वाढवतो. फक्त दोन वाहकांनी आपसात लग्न करू नये, कारण त्यांचं मूल रुग्ण निघू शकतं. एवढंच पथ्य. हे सांगता सांगता माझा घसा बसला, नोकरी संपली.

मी रजिस्टर काढलं. शीतलचा नंबर सापडला. रिपोर्ट नॉर्मल. वाहकसुद्धा नाही.

"काहीच नाही तिला. साफ आहे पोरगी."

पंचफुलाबाईंनी मोबाईल पुन्हा माझ्यापुढं धरला. "मग मोबाईल काहून असं सांगून राहिला?"

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गावात कॅम्प झाला होता. एका कंपनीनं दवाखान्याला ॲप फुकट दिलं होतं. गावातल्या प्रत्येक माणसाचं आरोग्य खातं, सगळं टॅबलेटवर. आमचे साहेब खूश. "मॅडम, तुमचं रजिस्टर लिहायचं झंझट गेलं समजा." तपासणी मी करायची, कंपनीच्या माणसानं टॅबलेटवर भरायचं.

विहारासमोर टेबल मांडलं. सोपी टेस्ट असते. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, नळीतल्या द्रवात टाकायचं. नळीमागे धरलेल्या कागदावरची रेघ दिसली तर ठीक. द्रव गढूळ राहिला, रेघ दिसली नाही, तर पुढची मोठी टेस्ट.

पहिल्याच बाईपाशी गाडी अडली. टॅबलेट मोबाईल नंबर मागत होता आणि त्या नंबरवर ओटीपी पाठवणार होता. भर दुपारी गावात बायकाच होत्या. घरातला एकुलता मोबाईल नवऱ्याच्या खिशात, नवरा धानाच्या बांधीत. कुणाच्या सिमचा रिचार्ज संपलेला. कंपनीचा माणूस घड्याळ पाहू लागला.

"गजूभाऊचा टाका ना!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

गजूभाऊंचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. गावात रेशन असो, गॅस असो, पोरांची स्कॉलरशिप असो, फॉर्मवर नंबर गजूभाऊंचा. ओटीपी त्यांच्याकडे येतो, ते भरून टाकतात. भला माणूस. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, कुणाचं कधी अडलं नाही. गजूभाऊ स्वतः स्टूल घेऊन माझ्या बाजूला येऊन बसले.

कंपनीचा माणूस माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "टाका."

नंबरानंतर एक लांबलचक मजकूर यायचा, इंग्रजीत. खाली चौकोन. टिक केल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. तो टॅबलेट माझ्यापुढं धरायचा, मी बोट लावत गेले. सांजेपर्यंत त्रेचाळीस जणी झाल्या.

मोठ्या टेस्टनंतर पाच वाहक निघाल्या. त्यांना एकेकीला लॅबमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि मग सांगितलं. वाहकाचा रिपोर्ट मी कधीच चारचौघांत दिला नाही. आमच्या भागात पोरीच्या नावाला एवढीशी शंका चिकटली की पुसता पुसत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरी मी ते टिक केले. बाईमाणूस असून, तिथलीच असून. अजून स्वतःचा राग येतो.

पंचफुलाबाई गेल्यावर कंपनीच्या माणसाला फोन लावला. नागपूरला बसायचा तो. बोलणं मधासारखं.

"मॅडम, सिस्टीममध्ये एक नंबर म्हणजे एक हाउसहोल्ड. एका घरात पाच वाहक असले, तर बाकीच्यांना सिस्टीम संभाव्य दाखवते."

"त्रेचाळीस बायकांचं घर कुठं पाहिलंत तुम्ही?"

"आम्ही नाही पाहत मॅडम. सिस्टीम पाहते."

"तिचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तुमच्याच टॅबलेटवर भरलाय!"

"रिपोर्ट वेगळा, रिस्क प्रोफाइल वेगळं. पार्टनरला आम्ही प्रोफाइल देतो."

"पार्टनर म्हणजे ते लग्नाचं ॲप?"

"तेही आहेत. कन्सेंटमध्ये लिहिलं आहे मॅडम. सगळ्यांनी टिक केलेलं आहे."

ते सगळे टिक माझ्याच बोटाचे होते. म्हटलं, "काढून टाका तिचं नाव."

"रजिस्टर्ड नंबरवरून रिक्वेस्ट टाका. आमच्याकडून जाईल. पण पार्टनरकडे जे गेलं ते आमच्या हातात नाही."

गजूभाऊंनी त्याच दिवशी त्रेचाळीस रिक्वेस्टा टाकल्या. एकेक ओटीपी भरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाच्या ॲपला मी चार ईमेल केले. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’, चारही वेळा हेच उत्तर. चौकट होती तिथंच.

साहेबांना सांगितलं, कंपनीला लेखी तक्रार देते. ते खुर्चीतून अर्धे उठले.

"वेड्या झाल्या का? टिक कोणी केलं? तुम्ही. नोकरीची किती वर्षं राहिली?"

"पोरीचं लग्न मोडून राहिलं साहेब!"

"दुसरं होईल. तुम्ही हे कागदावर आणू नका."

मी तक्रार दिली. ती कुठल्या फाइलमध्ये गेली, देव जाणे.

रविवारी शीतलला विचारून तिचा रिपोर्ट घेतला आणि एकोडीला गेले. सोबत तपासणीचा डबाही घेतला. माणसं वाईट नव्हती. चहा दिला, खुर्ची दिली. मुलाच्या वडिलांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मॅडम, राग नका मानू. तुम्ही पोरीवाल्यायच्या ओळखीच्या. कागद कोनीबी बनवते. मोबाईलले कायची पडली खोटं बोलाची?"

"पोरीला बोलावते, तुमच्यासमोर तिचं रक्त पुन्हा तपासते. तुमच्या पोराचंही तपासते."

"आमच्या पोराले काय झालं?" त्याची आई आतून कडाडली.

पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले काही अडचन नाही मॅडम. पन घरचे नाही म्हनते." आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

लग्न मोडलं.

ते सांगायला मी शीतलकडे गेले, तर तिला आधीच कळलं होतं. ती साक्षगंधाची साडी घडी करत होती, परत पाठवायला. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोट टोचलं तवा मी विचारलं होतं, हे नाव कुठं जाते? तुम्ही म्हनल्या, कुठंच नाही जात, इथंच राहते."

म्हटलं होतं मी तसं. मला तसंच वाटत होतं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कॅम्पमधल्या आणखी पोरींच्या नावापुढं तीच चौकट निघाली. येणारी स्थळं परस्पर दुसरीकडे वळली. ‘त्या गावची नको’ एवढंच लोक म्हणायचे, कारण सांगायचे नाहीत. मी पुन्हा कॅम्प लावला. या वेळी टॅबलेट नाही, ॲप नाही, फक्त माझं रजिस्टर. विहारासमोर सकाळपासून बसले. एक बाई फिरकली नाही. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि ते गाव पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नसे.

शेवटी पंचफुलाबाईंच्या घरी गेले. धाकटी रोशनी लग्नाची झाली होती, आंधळगावकडचं स्थळ आलं होतं. कॅम्पमध्ये तिची तपासणी राहून गेली होती. म्हटलं, हिची तरी तपासणी करू द्या. बहीण नॉर्मल म्हणून ही नॉर्मल असं नसतं.

पंचफुलाबाईंनी हात जोडले. "नको मॅडम, पाया पडतो तुमच्या. जे मालूमच नाही, ते मोबाईलमंदी कसं जाईन?"

मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार होते? पंधरा दिवसांत रोशनीचं लग्न लागलं. नवऱ्याचीही तपासणी झाली नाही.

दोन वर्षांनी रोशनी माझ्या लॅबमध्ये आली. कडेवर दहा महिन्यांचं पोर. त्याच्या हातापायांचे पंजे टम्म सुजलेले, हात लावला की किंचाळत होतं. ते पंजे पाहिले आणि मी आधी नळीच काढली, कारण सिकलसेलच्या लेकरांत दुखणं बऱ्याचदा तिथूनच सुरू होतं. द्रव गढूळच राहिला. मोठी टेस्ट लावली. तिच्यात रक्ताच्या पट्ट्या उमटतात. वाहकाच्या दोन, एक चांगली आणि एक दोषाची. या लेकराची दोषाची तेवढी उमटली, चांगली नव्हतीच. म्हणजे रोशनी वाहक, नवराही वाहक. लग्नाआधी दोन थेंब रक्तात कळलं असतं.

दार लोटून तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, याचं नाव नका लिहू."

"नाव लिहिल्याशिवाय औषध मिळत नाही बाई. जन्मभर चालणार आहे ते. आणि आता कॉम्प्युटरवरही भरावं लागते."

ती उठली. पोराला पदरात गुंडाळून दारापर्यंत गेली. पोर रडून रडून निळं पडलं होतं. दाराशीच वळली, परत येऊन स्टुलावर बसली.

"लिहा," म्हणाली.

याला आमच्या कागदांत संमती म्हणतात. मी नोकरीभर ती अशीच घेत आले.