बसेल का?

आमच्या ह्यांना दुकानात सगळे ‘साडेतीन’ म्हणतात. उमेदीत ह्यांनी कॉम्प्युटरच्या साडेतीन इंची हार्ड डिस्क दुरुस्त केल्या, त्यावरून. मी म्हणायची, साडेतीन शहाण्यांतला तो अर्धा नेमका माझ्या वाट्याला आला. हे हसायचे. आता हसत नाहीत, आणि मलाही तोच विनोद करायचा कंटाळा आलाय.

जुनी डिस्क कशी, हातात घेतली की वजन कळायचं. मग तिच्या जागी एसएसडी आली. आधी अडीच इंची, पत्त्यांच्या कॅटाएवढी, निदान धरता तरी यायची. आता आलीय ती पट्टी. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब. काही लॅपटॉपांत त्याच्या निम्मीच, बेचाळीसची. आणि तिचा स्क्रू तिळाएवढा. तो ह्यांच्या बोटांत ठरत नाही. स्क्रू पडला की गुडघे टेकून फरशी चाचपत बसायचं. मालकाने बजावलं होतं, आणखी एक घोटाळा झाला तर दुरुस्तीचं टेबल सोडायचं. ह्यांचा जन्म त्या टेबलाशी गेलाय. त्या धसक्याने हे हल्ली पट्टी लावण्याआधी खाच मोजायचे, पट्टी मोजायचे, पुन्हा खाच मोजायचे.

परवा फोटो स्टुडिओवाल्या बाईंचा नवा लॅपटॉप पट्टी लावायला टेबलावर उघडा होता आणि त्यांचाच फोन आला.

“नव्यात सगळं बसेल ना?”

ह्यांनी मोजलं. ऐंशीला ऐंशी. “बसेल की,” म्हणाले.

बसली. अगदी चपखल बसली. पण बाई विचारत होत्या फोटोंचं. पट्टी होती दोनशे छप्पन्न जीबीची आणि फोटो त्याच्या दुप्पट. तेवढ्याच लांबीच्या पट्टीत एक टीबी येतं, चारही येतं, बाहेरून सगळ्या सारख्याच, जुळ्या बहिणी मेल्या. बाई लॅपटॉप घरी नेऊन जुन्या लॅपटॉपातले फोटो नव्यात भरायला लागल्या आणि अर्ध्यावरच पट्टी भरली. त्या तणतणत दुकानात आल्या. मालकाला आयतंच निमित्त मिळालं.

फोटो सगळे शाबूत होते हो! जास्त जीबीची पट्टी लावली की मिटलं असतं. मला राग येतो तो ह्याचाच. बाईंनी ‘मावेल का’ विचारलं असतं तर ह्यांनी लगेच सांगितलं असतं, नाही मावणार. पण बाईंना तरी काय बोलायचं, आपण सगळेच असं बोलतो. ट्रंकेत कपडे बसतील का, रिक्षात पाचजण बसतील का.

मालक ओरडला नाही म्हणे. एवढंच म्हणाला, “काका, आता घरी बसा.”

ऊन उतरायच्या आत हे दारात उभे, हातात स्क्रूड्रायव्हरांची पेटी. मालकाच्या नावाने माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, पण ह्यांचं लक्ष नव्हतं. पेटी ठेवायला जागा शोधत होते. दोन खोल्या आमच्या, त्यात माझं शिवणयंत्र आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग. ह्यांनी कपाटाचा कप्पा वितीने मोजला, मग पलंगाखालची जागा, मग यंत्रामागचा कोपरा. सगळं मोजून झालं तरी पेटी हातातच.

“अगं,” हे म्हणाले, “दिवसभर मी ह्या घरात मावेन ना?”

मी खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले.

“बसा आधी,” म्हटलं.