बुर्गीचा एक हिवाळा

हिवाळा आला की आमच्या हिंटरकार या आल्प्समधल्या गावातली माणसं तळघरात राहायला जातात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाद्या, उशा, पोरांची दप्तरं, भिंतीवरचा क्रूस, सगळं खाली उतरतं. वरच्या खोल्या पाहुण्यांच्या होतात आणि ईस्टर उलटला की आपली माणसं पुन्हा आपल्या घरात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही वाटत नसे. बुर्गी थालरचं जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून आता वाटतं.

बुर्गी म्हणजे नोटबुर्गा, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. शाळेत एका वर्गात, चर्चमध्ये एका बाकावर. थालरांचं तळघर आमच्यापेक्षा ओलं होतं आणि त्याची एकुलती एक खिडकी जमिनीलगत. तिच्यातून डोंगर सोडाच, आभाळसुद्धा दिसत नसे. दिसायचे ते पाहुण्यांचे बूट. "दोन नंबरवाले निघाले, आज लवकर उठलेत," असं ती बुटांवरून सांगायची आणि किटली चढवायला वर पळायची. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

स्नोबोर्ड नावाची वस्तू, स्कीच्या दोन फळ्यांऐवजी एकच रुंद फळी, गावात आली तेव्हा आम्ही अठराचे. दोघांनी मिळून एकच बोर्ड घेतला. रोपवेवाले त्या काळी बोर्डवाल्यांना खुर्चीत बसू देत नसत. "आधी माणसासारखे दोन फळ्यांवर उतरायला शिका, मग या," असं रोपवेवरचा म्हातारा गिडी तोंडावर सांगायचा. मग आम्ही बोर्ड खांद्यावर टाकून चालत वर जायचो. नोव्हेंबरातल्या दुपारी, पाहुणे यायच्या आधी, तासभर चढायचं आणि तीन मिनिटांत खाली. एकदा ती, एकदा मी. ती माझ्यापेक्षा चांगली होती. थोडीथोडकी नाही, पुष्कळ चांगली. मी वळताना हात पसरून तोल सावरायचो. ती नुसती एका बाजूला कलायची आणि बर्फ तिला वाट द्यायचा. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करून काय उपयोग, पण करतो.

पुढच्या शरदात इन्सब्रुकचा एक बोर्ड बनवणारा माणूस आमच्या उतारावर आला, आम्हाला दोघांना बघितलं, आणि म्हणाला की डिसेंबर ते एप्रिल माझ्याबरोबर चला, माझे बोर्ड वापरा, सगळे डोंगर फिरा, राहणं-खाणं माझं. खरं म्हणजे त्याने तिलाच बघितलं होतं. मी बरोबर होतो म्हणून मला विचारलं.

माझ्या बापाने दोन मिनिटं विचार करून "जा" म्हटलं. तिच्या आईने, झेन्झमावशीने, हातातली चादर झटकता झटकता म्हटलं, "या हिवाळ्यात नको गं. घर भरलंय. पुढच्या हिवाळ्यात बघू."

मी मुलगा होतो आणि ती मुलगी होती, बाकी फरक काही नव्हता. आमच्याकडे मुलगे उतारावर जातात, पाहुण्यांना शिकवतात, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात. मुली न्याहारी मांडतात. तिचा भाऊसुद्धा स्की शिकवायचा. न्याहारी सात ते दहा, मग खोल्या, मग चादरी, मग केक, कारण पाहुणे चारला खाली येतात आणि त्यांना केक लागतो. डोंगरावरचा बर्फ सगळ्यात चांगला असतो तो नऊ ते अकरा. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

झेन्झमावशी वाईट बाई नव्हती. दर वर्षी ती मनापासून म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात. मी त्या फिरत्या हिवाळ्यानंतर परत आलो, बोर्डचा शिक्षक झालो, पस्तीस वर्षं परक्यांच्या पोरांचे हात धरून त्यांना उभं करत राहिलो. बुर्गीने लग्न केलं नाही. बघायला आलेला एक होता, पण तो जानेवारीत आला. तेव्हा ती बोलायला रिकामी नव्हती, आणि मेमध्ये ती रिकामी झाली तेव्हा त्याचं दुसरीकडे ठरलं होतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात झेन्झमावशी गेली. ऑगस्टमध्ये बुर्गीने आपल्या सगळ्या नेहमीच्या पाहुण्यांना हाताने पत्रं लिहिली. या हिवाळ्यात घर बंद राहील, क्षमा असावी. कारण लिहिलं नव्हतं. मला मात्र कुंपणाशी बोलावून सांगितलं, "व्हिन्झ, एक हिवाळा. एकच. सगळा. डिसेंबर ते एप्रिल मला वर जायचंय. पंचावन्नाव्या वर्षी हसशील तर आत्ताच हसून घे."

"हसत नाही," मी म्हणालो. "गुडघे कसे आहेत?"

"पस्तीस वर्षं जिने चढतेय. तुझ्यापेक्षा बरे असतील."

गावाने मात्र कान टवकारले. हिवाळ्यात घर बंद ठेवणं म्हणजे आमच्याकडे घरात कुणी मेल्याशिवाय होत नाही, आणि मेलं तरी तेवढा आठवडा. बेकरीवाली तिला म्हणाली, "जानेवारीत खिडक्या काळ्या ठेवणार? रस्त्यावरून बरं नाही दिसत गं." तिच्या भावाने फोन करून विचारलं की आईचं मनावर घेतलंस का. मी तिच्यासाठी माझ्याकडचा एक मऊ, शहाणा बोर्ड काढला, धार लावली, मेण चढवलं. तिने रोपवेचा हंगामाचा पास काढला. त्याच्यावरच्या फोटोत ती इतकी गंभीर दिसते की जणू पकडून नेलंय.

डिसेंबर उजाडला आणि ती तळघरात उतरली नाही. चार नंबरच्या खोलीत झोपायला गेली. ती खोली मुळात तिचीच, उन्हाळ्यातली. पहिल्या सकाळी मला हाक मारून म्हणाली, "माझ्या खिडकीतून डोंगर दिसतो रे डिसेंबरात."

आता चूक कुठे झाली ते सांगतो. नाताळ आला तरी बर्फ नव्हता. यंत्रांनी फवारलेली एक पांढरी पट्टी वरून खाली, तिच्यावर सगळी गर्दी, दोन्ही बाजूंना तपकिरी गवत. मी म्हणालो, चल. ती म्हणाली, "असल्या पट्टीवर नको. खरा बर्फ पडू दे. इतकी वर्षं थांबले, आठ दिवस काय जातायत?" मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही, मला वर्ग होते. ती रोज सकाळी खिडकीशी कॉफी घेऊन बसायची आणि आभाळाकडे बघायची. पंधरा डिसेंबर, पंचवीस, पाच जानेवारी. तिला थांबायची इतकी सवय होती की थांबणं म्हणजे वाया जाणं हे तिच्या लक्षातच येत नव्हतं. माझ्या यायला हवं होतं.

जानेवारीच्या दहा तारखेला पर्यटन कचेरीतला एगिड तिच्या दारात उभा राहिला. मी तिथेच होतो, तिच्या बोर्डाचे पट्टे बसवत. एगिडने टोपी काढली. तो टोपी काढतो तेव्हा काहीतरी मागायचं असतं.

"बुर्गी, लोरेन्झन साहेब. यंदा त्यांचा चाळिसावा हिवाळा."

लोरेन्झन साहेब म्हणजे जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गचे औषधवाले, तिचे चार नंबरवाले. चाळीस वर्षं फेब्रुवारीचा तोच एक आठवडा, तीच खोली. पंचवीस वर्षं आलेल्या पाहुण्याला गाव चांदीचा बिल्ला देतं, चाळीसला सोन्याचा, सरपंचाच्या हातून, बॅन्ड लावून. सोन्याचा बिल्ला गावात आजवर दोघांनाच मिळाला होता.

"हॉटेलात ठेव की त्यांना," मी म्हणालो.

एगिडने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ते म्हणतात, आपल्या खोलीत नाही तर येतच नाही. एक्याऐंशीचे आहेत. बायको गेली त्यांची. एक माणूस, बुर्गी, एक आठवडा."

तो 'आठवडा' म्हणून तोंड मिटायच्या आत बुर्गी म्हणाली, "येऊ द्या त्यांना."

एगिड गेल्यावर मी पाना आपटला. "नाही म्हणायला काय जात होतं तुझं?"

"मला येत नाही ते," ती म्हणाली. "कुणी शिकवलंच नाही. तू शिकव. सगळ्या जगाला उभं राहायला शिकवतोस ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला तो जास्त लागला.

एका घरात दिवा लागलेला लपत नाही. चारच दिवसांत कासेलच्या क्रामरबाईंचा फोन आला: लोरेन्झनसाठी घर उघडं आणि आमच्यासाठी बंद, आमचं काही चुकलं का? मग उल्मवाले पाहुणे. मग ते जुळ्यांचं कुटुंब, ज्यांच्या पोरांना तिने बाटलीने दूध पाजलं होतं. प्रत्येकाला एकच आठवडा हवा होता. महिना संपायच्या आत सातही खोल्या भरल्या. बुर्गीने गादी गुंडाळली आणि तळघरात उतरली.

आणि मग बर्फ पडला. तीन दिवस, तीन रात्री, असा की कुंपणाचे खांब बुडाले. चौथ्या दिवशी निळं आभाळ. माझ्या पस्तीस वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या सकाळींपैकी एक ती. मी वर्ग दुसऱ्यावर ढकलला आणि तिच्याकडे गेलो. ती अंडी उकडत होती.

"दहाला मोकळी होते," ती म्हणाली.

दहाला खोल्या होत्या. बाराला चादरी. दोनला मी पुन्हा गेलो तेव्हा केकचं पीठ कोपरापर्यंत होतं. "उद्या," ती म्हणाली. मी चिडून एकटाच वर गेलो आणि, खोटं कशाला बोलू, मजा केली.

लोरेन्झन साहेब आले. उंच, नीटनेटके, सभ्य माणूस. न्याहारीनंतर स्वतःची बशी स्वतः आत नेऊन ठेवणारे. त्यांचा राग करायचा मी खूप प्रयत्न केला, पण जमला नाही. गुरुवारी संध्याकाळी सभागृहात समारंभ झाला. बॅन्ड वाजला, सरपंचाने बिल्ला लावला, साहेबांनी चार शब्द बोलावेत असं ठरलं. ते उभे राहिले आणि त्यांचा आवाज जरा कापला.

"माझी इंगे म्हणायची, आपण हे सुख आठवडाभर उसनं घेतो आणि परत करतो. ज्यांच्या दारातच हे आहे त्यांचा मला फार हेवा वाटतो." मग ते मागच्या भिंतीकडे वळले, जिथे पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या बायका उभ्या राहतात. "बुर्गी, पोरी, एवढा बर्फ पडलाय. यंदा कितीदा गेलीस वर?"

शंभर माणसं तिच्याकडे बघायला लागली. एगिडने मान खाली घातली, तेवढी लाज त्याला होती. मी उठून सांगू शकलो असतो. चाळीस वर्षांत साहेबांनी तळघराचं दार एकदाही उघडून बघितलं नाही, कारण आम्हीच कधी दाखवलं नाही. आम्ही सगळे कसे वरच, हसतमुख. पाहुण्याला ओशाळं करायचं नाही हे आमच्या हाडात मुरलंय. मी बिअरकडे बघत बसलो.

"रोज जाते, साहेब," बुर्गी म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मार्च असाच गेला. शेवटचे पाहुणे एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी गेले आणि रोपवे बंद व्हायचा दिवस होता रविवार. त्या सकाळी मी तिच्या दारात जाऊन बसलो. ती गादी वर नेत होती.

"गादी ठेव," मी म्हणालो. "आज मी हलणार नाही इथून."

"आता कसला बर्फ, व्हिन्झ."

"आहे तेवढा."

तिने गादी जिन्यात टेकवली आणि हात पुसले. रोपवेवर तिने पास दाखवला तेव्हा यंत्राशी बसलेला माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, "बुर्गी, हा आज पहिल्यांदाच वाजला बघ." खुर्चीत बसून वर जाताना तिने दांडी दोन्ही हातांनी धरली होती, पहिल्यांदा येणारे पाहुणे धरतात तशी.

वर बर्फ पाणावलेला, राखाडी, मधेमधे माती उघडी पडलेली. ती उभी राहिली आणि पडली. उठली, पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिची पँट पार भिजली होती. मला वाटलं, आता ती बोर्ड काढेल. मग मधल्या सपाटीच्या खाली, जिथे थोडा घट्ट बर्फ शिल्लक होता, तिथे ती सुटली. डावीकडे एक वळण आणि उजवीकडे एक. हात पसरले नाहीत. नुसती कलली. त्या दोन वळणांत मला कळलं की तिच्याकडे काय होतं, आणि माझ्याकडे ते कधीच नव्हतं, आणि पस्तीस वर्षं तिच्या जागी मी उभा होतो.

ती कडेला जाऊन बसली. मी शेजारी बसलो. ती दम खात होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"व्हिन्झ, खरं सांग मला. एवढंच असतं ना हे? मी उगाच मोठं करून ठेवलं होतं ना डोक्यात?"

मी आयुष्यभर हजारो माणसांना सांगितलंय की यासारखं दुसरं काही नाही. कुणी विचारलं नसलं तरी सांगितलंय.

"एवढंच," मी म्हणालो. "थंडी, आणि भिजलेली पँट. आठवडाभरात कंटाळा येतो माणसाला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि पट्टे सोडायला लागली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, फार काहीतरी राहिलं."

बोर्ड काखोटीला मारून ती उताराच्या कडेने चालत खाली गेली, कारण जिन्यात टेकवलेली गादी अजून वर न्यायची होती.