पाठीला ऊन, डोक्यावर विमान

पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेची लायकी तिथून विमान कसं दिसतं यावर ठरवणारा माणूस एकच असावा, आणि तो सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मार्गासनीला त्यांची भातशेती. आमच्यातल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मी भोरमध्ये वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. दुपारी जेवून आडवं होणं हा माझा एकुलता एक छंद. अशा निरुपद्रवी माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्याला पुण्याच्या विमानतळाभोवतीची गावं पालथी घालायला लावणं, हा मामांचा जावयावरचा लोभ. "जावयबापू, नवी जागा घावली हाय," एवढा फोन आला की माझी बायको मुकाट्यानं डबा भरायला घेते.

चांगल्या जागेबद्दल मामांच्या अटी कडक. ऊन पाठीला पाहिजे, मध्ये विजेची तार येता कामा नये, बसायला सावली हवी आणि हाकेच्या अंतरावर चहा. फोटो काढायला मनाई असल्याची पाटी दिसली की कॅमेरा पिशवीतून बाहेरच येत नाही. एकदा तर कोणी काही विचारलेलं नसताना ते पहाऱ्यावरच्या जवानाकडे गेले आणि "सायेब, आमी नुसतं बघतुया," असं सांगून त्याच्यापुढे घरचे पेरू धरले. त्याला मराठी कळलं नाही, पेरू कळले. कॅमेरा मामांच्या मुलानं, माझ्या मेव्हण्यानं, बंगळूरहून पाठवलेला. तो मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, लेकराला न्यावं तसा मांडीवर घेऊन मामा बसतात. फोटोत मात्र बहुतेक वेळा विमानाची शेपटी येते, नाहीतर नुसतं आकाश.

विमान कुठल्या अंगानं येणार हे ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. "इमान वाऱ्याच्या तोंडावर उठतं आन् वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं," हे त्यांना कोणीतरी सांगितलं. जन्मभर खळ्यावर भात उफणलेला माणूस. वाऱ्याचं नाव काढताच त्यांना भुसकट आठवलं. तेव्हापासून खिशात भुसकटाची पुरचुंडी असते. नव्या जागी पोचलं की मूठभर वर उधळायचं, ते कुठं पडतं बघायचं आणि त्याप्रमाणे ठाण मांडायचं. ते बहुधा कोणाच्या तरी चहात पडतं. अंदाज चुकला तर मामा वाऱ्याला दोष देत नाहीत. "पायलट नवा दिसतुया," म्हणतात.

यावर कडी म्हणजे मामांच्या पुतणीचं लग्न. विमानतळाच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. आम्ही सगळे मुलाच्या घरी बसून त्याची नोकरी, घरची माणसं यांची चौकशी करत होतो आणि मामा गायब. शोधलं तर गच्चीवर, तोंड वर करून उभे. खाली आले ते हसतच. "सोयरीक झाली म्हनून समजा," ते म्हणाले. मुलाचं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं! पोरगी तिथं सुखात नांदते आहे, त्यामुळे कोणाला काही बोलताही येत नाही.

मामींना या सगळ्याबद्दल एकच बोलायचं असे. "भितीवर इमानाचं फोटू हायती, माझा एक न्हाई."

मग मेव्हण्याला मुलगी झाली. सुनेला आई नव्हती, म्हणून मामींनी काही महिने बंगळूरला जायचं ठरलं, तेही विमानानं. मेव्हणा न्यायला आला. लग्नानंतर मामींचा मुक्काम पासलीच्या माहेरापलीकडे कधी पडला नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमीबी चला की."

"आत बसल्यावर इमान दिसतंय व्हय? आन् म्हशीला कोन बघंल?" मामा म्हणाले. मग भिंतीकडे बघून, "तुजा फोटू न्हाई म्हनतीस ना? ह्या टायमाला इमानासंगं तुजाच काडतू."

"त्यात मी कुठं दिसनार?"

"तू आत हायस ह्ये मला ठावं हाय की."

भिंतीवर खिळा आदल्या दिवशीच ठोकून झाला. मामींना विमानतळावर सोडून आम्ही पुतणीच्या सासरच्या गच्चीवर आलो. मेव्हण्याचा फोन आला, "बसलो, आता निघेल." मामांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, खिशातून भुसकट काढलं आणि उधळलं. उफणताना वाऱ्याकडे तोंड करू नये हे मार्गासनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामांनी नेमकं तेच केलं. सगळं भुसकट त्यांच्या डोळ्यांत गेलं.

मी बादली आणली. ते बादलीवर वाकलेले, मी तांब्यानं पाणी मारतोय, पुतणी पदर घेऊन उभी, आणि तेवढ्यात घरघर करत विमान डोक्यावरून गेलंसुद्धा. माझ्या हातात तांब्या होता.

मामांनी मान वर न करताच विचारलं, "गेली?"

"गेल्या," मी म्हणालो.

डोळे केव्हाच धुऊन झाले, तरी पाणी थांबेना. "भुसकट लई बारीक हुतं," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, बारीकच होतं.

मामी परत आल्या त्या दिवशी अंगणात सगळे जमले होते. त्यांचं विमानपुराण रंगात आलं होतं. "आन् ह्ये दिसलं की मला खिडकीतनं! गच्चीवर हुतं, टोपी काडून हात हलवीत हुतं."

मेव्हण्यानं मला फोनवर सांगितलं होतं, की विमान हललं तेव्हापासून ढगांत जाईपर्यंत मामी डोळे घट्ट मिटून त्याचं मनगट धरून बसल्या होत्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"तर काय," मी म्हणालो, "केवढ्यांदा हलवत होते!"

"व्हय," मामा म्हणाले. "हात दुकला माजा."

मामी अशा काही हसल्या, की त्या खिळ्याला फोटो लागला असता तरी तेवढ्या हसल्या नसत्या. खिळा अजून रिकामाच आहे.

हल्ली मामांचे गुडघे धरतात, नव्या जागेचे फोन येत नाहीत. दुपारी निवांत आडवं व्हायला मिळतं आणि झोप मात्र लागत नाही. तोरण्यावरून एखादं विमान फार उंचावरून जातं, तेव्हा मामा हातातलं काम ठेवून अंगणात येतात आणि हात हलवतात. मी एकदा म्हटलं, "मामा, एवढ्या वरून कोणाला दिसणार?"

"दिसाय कशाला पायजे? आत बसल्याला वाटलं पायजे, खाली आपलं कुनीतरी हाय."

परवा दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात वरून एक विमान गेलं. रस्त्यावर ओळखीचं कोणी नाही असं बघून मीही हात हलवला.