'वॉन्ट'चं कार्ड

माझे यजमान गेले तेव्हा त्यांचा शब्दकोश डब्ल्यूपर्यंत आला होता. शाळेतल्या मुलांसाठी लहानसा इंग्रजी-मराठी कोश, एका शब्दाला एक कार्ड. शेवटचं कार्ड टेबलावरच राहिलं होतं. वर त्यांच्या अक्षरात 'वॉन्ट', खाली तीन अर्थ: हवं असणं, गरज असणं, उणीव. उदाहरणांची जागा कोरी.

उदाहरणांबाबत त्यांचा नियम कडक होता. वाक्य मनाने रचायचं नाही. कोणीतरी खरंच बोललेलं आणि आपण कानांनी ऐकलेलं हवं. मग त्याचं इंग्रजी करायचं. मी एकदा 'मला डॉक्टर व्हायचं आहे' सुचवलं होतं. "हे वाक्य पाठ्यपुस्तकात राहतं," ते म्हणाले. "त्याला तिथेच राहू दे." शब्द नि अर्थ ते लिहायचे, बाकीचं कार्ड मी भरायचे आणि ते तपासायचे. गेली काही वर्षं आमचं बोलणं बहुतेक ह्याच कामातून व्हायचं.

त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येकजण निघताना, एक पाय चपलेत घालून म्हणायचा, "काही हवं असलं तर सांगा हं." मी म्हणायचे, "काही नको." तेवढं झालं की दोघांचीही सुटका.

पुढे एका सकाळी मी ते कार्ड उचललं. संपवायचं, एवढंच ठरवलं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, शेजारच्या फ्लॅटमध्ये अमरावतीकडची एक मुलगी भाड्याने राहते. नोकरी हिंजवडीला. तिला विचारलं, दिवसभरात कोणाला काय हवं असतं ग?

"कंपनीच्या बसमध्ये सगळ्यायले खिडकी पायजे, काकू," ती म्हणाली. "अन् खिडकी भेटली का सगळे झोपतात."

पहिल्या अर्थाची सोय झाली. दुसरा इस्त्रीवाल्याकडे मिळाला. एका शर्टाकडे बघून तो स्वतःशीच म्हणाला, "ह्या कॉलरला अजून एक हात पाहिजे." तिसरा मात्र मिळेना. उणिवेबद्दल माझ्यासमोर बोलायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

अशात प्रकाशक आले. चहा घेतला, यजमानांबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता? आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, उरलेलं ते संपवतील. नाव सरांचंच राहील." माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी कार्डांचा खोका स्वतःच उचलला. हातातलं 'वॉन्ट'चं कार्ड मी पदराखाली धरून ठेवलं.

दारात, एक पाय बुटात घालून ते म्हणाले, "बरं, काही हवं असलं तर सांगा."

"हवंय," मी म्हटलं. "तो खोका. खाली ठेवा."

ते म्हणाले, "काकू, वेळ लागेल हो तुम्हाला."

"लागेल. पण ह्यांच्याइतका नाही. ते प्रत्येक शब्दाशी वाद घालायचे."

त्यांना हसावं की नाही कळेना. शेवटी बूट काढून आत आले, खोका टेबलावर ठेवला आणि काम कधी देणार एवढंच विचारलं. मी दिवाळी सांगितली.

ते गेल्यावर खिडकीच्या वाक्याखाली माझं 'हवंय, तो खोका' हे वाक्य लिहिलं. नियमात बसत होतं. कोणीतरी बोललं होतं आणि मी ऐकलं होतं.

तिसऱ्या अर्थाची ओळ अजून कोरी आहे. कोणी बोललं की लिहीन. तोवर पुढची कार्डं घेतली आहेत.