बॉनेटचा टेकू

आमच्या गाडीचं बॉनेट उघडतं. उघडं राहत नाही, एवढंच. त्याला टेकू देणारी लोखंडी दांडी गंजून मोडली, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "नवी टाका." मी म्हणालो, "हॅ! त्यात काय एवढं?" (माझ्या आयुष्यातली सगळी संकटं याच वाक्यानं सुरू झाली आहेत.) आधी छत्री लावली, ती वाकली. मग स्वयंपाकघरातलं लाटणं अडकवलं आणि झाली दुरुस्ती!

त्याच दिवशी उदगीरचे करीमभाई लातूरला आमची गाडी बघायला आले. धान्याचे जुने आडते, माणूस मुरलेला. गाडी खपणं भाग होतं, कारण कुरडया वाळवायला अंगण हवं म्हणून बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "सांजपर्यंत या अंगणात एक तर गाडी राहील, न्हाईतर तुम्ही!" हिचं माहेर हिमायतनगरचं. तिकडची माणसं बोलली की करतात!

करीमभाईंनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि नेमकी ही पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"अहो, माझं लाटणं घेऊन काय करून राहिले तुम्ही?"

मी डोळ्यांनी 'नको, नको' म्हणेपर्यंत तिनं लाटणं ओढलंसुद्धा! मी डावा हात बॉनेटखाली लावला. खाली गिऱ्हाइकाचं टक्कल, वर आख्खं बॉनेट आणि मधे फक्त मी!

करीमभाई सावकाश बाहेर आले. "मास्तर, बसा की हो."

"नको, मला उभंच बरं वाटतं."

"चहा तरी बसून घ्या."

"चहा तर मी उभ्यानंच घेतो!" (खांद्यातून कळा यायला लागल्या होत्या.)

"मग भावाचं बोलू," म्हणत त्यांनी खिशातून दस्ती, म्हणजे रुमाल, काढला. जुन्या आडत्यांची रीत! चारचौघांना भाव कळू नये म्हणून दस्तीखाली हात धरून, बोटं दाबून सौदा करायचा; जितकी बोटं, तितका भाव. (आमच्या अंगणात ऐकायला एक शेवग्याचं झाड होतं!) मी उजवा हात दिला. त्यांनी बोटं दाबली, मी मान डोलावली. तेवढ्यात बॉनेट वीतभर खाली आलं. त्यांनी एक बोट सोडलं! बॉनेट आणखी खाली, आणखी एक बोट कमी. असंच चाललं तर गाडी फुकट जाणार आणि वर माझा खांदाही जाणार.

"करीमभाई, हाव की नाही, म्हणा एकदाचं!" मी ओरडलो.

"म्या तर कवाच हाव म्हणलो. तुमीच हात सोडंना झालाव!"

मी हात सोडला. दोन्ही सोडले. धाड! बॉनेट आदळलं आणि शेवग्यावरच्या चिमण्या उडाल्या.

करीमभाई मिशीत हसले. "गाडी घेतो. पण दांडी?"

"मोडलीय," मी खाली मान घालून म्हणालो.

"मोडली कुटं? ही काय समोर उभी हाय! हीबी संगं द्या."

"न्या की!" ही लाटणं नाचवत म्हणाली. "फक्त तिला चहा दोनदा लागतो."

गाडी गेली, अंगण मोकळं झालं, आणि देवाच्या कृपेनं मी घरातच राहिलो. डावा हात मात्र काही केल्या खाली येईना. दुसऱ्या दिवशी हिनं कुरडया घातल्या आणि मला, वर अडकलेल्या हातासकट, त्यांच्या शेजारी उन्हात उभं केलं.

दिवसभर एक कावळा फिरकला नाही!